आभासी जगात वाचनालय उघडताय? इमारत सगळ्यात शेवटी बांधा

मराठवाड्यात तीन-चार ठिकाणी मी हे काम उभं राहताना पाहिलंय आणि एका तालुक्याच्या वाचनालयात स्वतः केलंय. चूक सगळीकडे एकच होते. उत्साहाच्या भरात आधी इमारत बांधली जाते. घुमट, जिना, कारंजं, दर्शनी भागावर वाचनालयाचं नाव. पोरं महिनाभर खपतात. उद्घाटन होतं, फोटो निघतात आणि दुसऱ्या आठवड्यात आत चिटपाखरू नसतं. कपाटं असतात, पुस्तकं नसतात. असली तर वाचता येत नाहीत. आणि विचारायला माणूस नसतो.

आभासी जग म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर उघडणारी अशी जागा, जिथे प्रत्येकाची एक बाहुली असते. तिला अवतार म्हणतात. ती चालते, फिरते आणि त्याच वेळी आत असलेल्या इतरांशी बोलते. वेबसाइटवर वाचक एकटा असतो, इथे त्याला दुसरा माणूस भेटतो. म्हणून इथल्या वाचनालयात सगळ्यात मोलाचा आहे तो टेबलामागचा ग्रंथपाल. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावलाय. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका, नंतर तो दुप्पट मेहनत मागतो.

१. प्रश्नांची वही

संगणकाला हात लावण्याआधी पंधरा दिवस खऱ्या काउंटरवर एक वही ठेवा. वाचकाने काय विचारलं, आपण काय दिलं आणि काय देता आलं नाही, असे तीन रकाने. देवघेवीच्या गर्दीत लिहायचं राहून जातं, म्हणून वही पेनासकट दोरीने टेबलाला बांधा.

पंधरा दिवसांनी तिसरा रकाना वाचा. आमच्याकडे त्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या होत्या. स्पर्धा परीक्षेची नवी पुस्तकं, आणि शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या भागातल्या संतांची व लेखकांची माहिती. पहिल्या गोष्टीला आभासी जग कामाचं नाही. त्या मुलांना पुस्तक आणि शांत अभ्यासिका हवी असते. दुसरीला ते अगदी चपखल बसतं. पैठणचे एकनाथ, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबा, अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत, नरसीचे नामदेव अशी ही सगळी माणसं आपल्या आठ जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. लेकरांना ती एका फेरीत भेटली तर हवीच असतात.

एकच विषय निवडा. "सगळ्यांसाठी सगळं" असं ठरवलंत तर कोणासाठीच काही होत नाही.

तपासणी: "आमची खोली अमुक वाचकांना अमुक प्रश्नासाठी आहे" हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर वही आणखी आठ दिवस चालवा.

२. जग कोणतं निवडायचं

सेकंड लाइफ हे २००३ पासून चालू असलेलं, लिंडेन लॅब या कंपनीचं जग. त्याला चांगलं ग्राफिक्स असलेला संगणक आणि न तुटणारं इंटरनेट लागतं, आपली कायमची जागा हवी असेल तर भाडं पडतं. शाळकरी वाचकांसाठी मी ते सुचवत नाही. ओपनसिम्युलेटर साधारण त्याच धाटणीचं आहे, मोफत आहे आणि स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे ते जग ज्यावर चालतं त्या संगणकावर, चालवता येतं, पण ते बसवायला जाणकार हाताशी हवा. ठोकळ्यांच्या जगात माइनक्राफ्ट सगळ्यांना माहीत आहे, मात्र ते विकत घ्यावं लागतं.

तालुक्याच्या वाचनालयासाठी माझं मत लुआंटी या ठोकळ्यांच्याच जगाला. २०२४ पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. मोफत, मुक्त स्रोत, जुन्या संगणकावर चालतं, अँड्रॉइड मोबाइलवरही चालतं. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे याला इंटरनेट लागतच नाही. वाचनालयातला एक संगणक सर्व्हर होतो, बाकीचे संगणक आणि मोबाइल त्याच राउटरच्या वायफायवरून आत येतात. बाहेरचा अनोळखी माणूस आत शिरण्याचा प्रश्न राहत नाही आणि केबल तुटली तरी खोली चालू राहते.

हे मी आग्रहाने का सांगतेय? दुसऱ्याच्या सर्व्हरवर बांधलेलं घर आपलं नसतं. मोझिला हब्ज नावाची ब्राउझरमध्येच उघडणारी चांगली सोय होती, बऱ्याच शिक्षकांनी तिथे खोल्या केल्या होत्या. मोझिलाने ती सेवा ३१ मे २०२४ ला बंद केली. ज्यांनी आपल्या वस्तू आधी उतरवून घेतल्या नव्हत्या त्यांचं काम गेलं.

सावध: यूपीएसवर फक्त संगणक जोडला जातो आणि राउटर विसरला जातो. लाइट गेली की सर्व्हर जिवंत, पण आतले सगळे वाचक बाहेर. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

तपासणी: इंटरनेटची वायर काढा. दोन वेगळ्या मशीनवरून आत जाऊन दोघांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे.

३. माणूस आणि वेळ

अजून एकही वीट रचायची नाही. आधी पाळी लावा.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या अलायन्स लायब्ररी सिस्टीमने सेकंड लाइफमध्ये वाचनालय सुरू केलं, पुढे ते इन्फो आयलंड म्हणून ओळखलं गेलं. तिथे ठिकठिकाणचे ग्रंथपाल स्वेच्छेने पाळीपाळीने संदर्भसेवेच्या, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याच्या, टेबलावर बसत. त्यातून घेण्यासारखी आहे ती हीच पाळीची पद्धत.

रोज बारा तास उघडं ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. आठवड्यात दोन दिवस, दोन-दोन तास, पण ठरलेले. शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ म्हणजे ५ ते ७. त्या वेळेत किमान दोघं: एक टेबलावर अवताराच्या रूपात, दुसरा खऱ्या खोलीत लेकरांच्या पाठीमागे उभा. एकट्याने दोन्ही जमत नाही, मी करून पाहिलंय. कळ कोणती दाबायची हे एकाला दाखवेपर्यंत आतला दुसरा वाचक उत्तराची वाट बघून निघून जातो.

हे सगळं कार्यकारी मंडळाच्या ठरावात घ्या: वेळ, जबाबदार कर्मचारी, यूपीएसचा खर्च. ठराव नसेल तर बदली किंवा रजेच्या काळात खोली बंद पडते आणि पुन्हा उघडत नाही.

४. हक्क तपासा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. आपल्याच भागातली दोन उदाहरणं घेऊ. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ मध्ये वारले. २०१३ अखेर मुदत संपली, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१४ पासून खुलं आहे. नांदेडचे नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये वारले. त्यांचं लेखन २०४२ अखेरपर्यंत हक्काखाली आहे, ते वारसांच्या किंवा प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय लावता येणार नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेलं असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात.

आता नेहमीच्या चार चुका.

एक, मूळ लेखन खुलं आहे म्हणून नवी आवृत्ती जशीच्या तशी स्कॅन करणं. अभंग शेकडो वर्षं जुना असला तरी संपादकाची प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठावरचं चित्र यांचे हक्क वेगळे असतात. अनुवादाचंही तसंच, अनुवादकाचा हक्क त्याच्या हिशोबाने चालतो.

दोन, "आमच्याकडे पुस्तक आहे, मग स्कॅन लावायला काय हरकत?" सार्वजनिक वाचनालयाला आपल्या मालकीच्या पुस्तकाची प्रत जतनासाठी संगणकावर ठेवायची मुभा कायदा देतो. ती जतनासाठी आहे. त्या आधारावर ते पुस्तक सगळ्यांना वाचायला खुलं करता येत नाही.

तीन, मंदिराचा, पोथीचा, वस्तूचा फोटो इंटरनेटवरून उचलणं. वस्तू जुनी असते, फोटो नवा असतो. फोटो स्वतः काढा आणि वस्तू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या.

चार, परवानगी फोनवर घेणं. वर्षभराने कोणी विचारलं तर दाखवायला कागद लागतो. एक फाइल करा आणि प्रत्येक मजकुरामागे एक पान ठेवा: लेखक, मृत्यूचं वर्ष, कुठून घेतला, कोणाची परवानगी, तारीख.

खुला मजकूर टाइप केलेल्या रूपात हवा असेल तर मराठी विकिस्रोत आधी पाहा. तिथे बरंच जुनं मराठी लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखंच उघडणाऱ्या रूपात, मिळतं.

५. मजकूर तयार करा

इथे मराठी वाचनालयाची अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही.

आम्ही पहिल्यांदा आतल्या पाटीवर "स्त्रीशिक्षण" असं थेट टाइप केलं. पडद्यावर दिसलं ते असं: स, पाय मोडलेला, त, पाय मोडलेला, र, त्याच्या शेजारी सुटी पडलेली वेलांटी. "शि"ची पहिली वेलांटी शच्या मागे जाऊन पुढच्या ‘क’ला चिकटली होती. सहावीतली एक मुलगी ते वाचायचा प्रयत्न करून म्हणाली, "मॅडम, हे मराठीच आहे का?" कारण साधं आहे. बऱ्याच आभासी जगांचे प्रोग्रॅम अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतात. जोडाक्षर कसं बनतं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार वर चढतो, हे त्यांना कळत नाही.

म्हणून कोणत्याही जगात आधी ही ओळ टाइप करून बघा: "स्त्री, ज्ञान, क्षितिज, कर्तृत्व, दुसऱ्या, विद्यार्थी". सगळी बरोबर आली तर थेट मजकूर वापरा. एकही तुटली तर पाट्या चित्राच्या रूपात करा. लुआंटीत आम्ही चित्रंच वापरतो. क्रम असा:

मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. गावातल्या डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल बहुतेक वेळा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असते, ती रूपांतर केल्याशिवाय कामाची नाही. रूपांतरानंतर ओळ न् ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून घ्या. रफार आणि "ऱ्य" हमखास बिघडतात.

मग पाटीची रचना करा. मराठी वळणाचे ल आणि श असलेला फाँट घ्या. एका पाटीवर आठ ओळींपेक्षा जास्त नको. पार्श्वभूमी फिकट, अक्षर गडद. चित्र ५१२ गुणिले ५१२ च्या आसपास पुरतं. सर्व्हर ही सगळी चित्रं प्रत्येक नव्या वाचकाच्या मशीनवर पाठवतो, ती जड असली तर आत शिरायलाच पाच मिनिटं लागतात.

फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि आकड्यांत ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. देवनागरी नावाची फाइल लुआंटी घेत नाही. चित्रं एका छोट्या मॉडमध्ये, म्हणजे लुआंटीला वरून जोडायच्या फाइलींच्या संचात, घालावी लागतात आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. कॉलेजात संगणक शिकणारा एखादा माजी सभासद गाठा, एका दुपारचं काम आहे.

आणि प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या वाचनालयातल्या खऱ्या पुस्तकाचा वर्गांक (विषयाचा आकडा) आणि दाखलांक (त्या प्रतीचा नोंदवहीतला क्रमांक) लिहा. मराठी कविता असेल तर ८९१.४६१, कादंबरी असेल तर ८९१.४६३, पुढे दाखलांक. आभासी खोलीतून खऱ्या कपाटापर्यंत जाणारी वाट हीच. ही ओळ नसलेली पाटी मी लावू देत नाही.

तपासणी: चष्मा लावणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाला साध्या मोबाइलवर पाटी वाचायला द्या. डोळे बारीक केले तर अक्षर मोठं करा.

६. आता खोली

एकच खोली, जमिनीच्या पातळीवर. जिना नको, नवख्या माणसाचा अवतार जिन्यावर अडकतो. आत येणारा जिथे प्रकट होतो ती जागा अशी ठरवा, की पहिल्याच नजरेत टेबल आणि ग्रंथपाल दिसेल. सेकंड लाइफसारख्या जगात कॅमेरा अवताराच्या डोक्यामागे असतो, तिथे छत दुप्पट उंच ठेवा, नाहीतर वाचकाला फक्त छताची आतली बाजू दिसते.

लुआंटीत पाहुण्यांनी भिंती फोडू नयेत म्हणून त्यांची वस्तू हाताळण्याची परवानगी काढतात. काढाच. पण मग त्यांना दारही उघडता येत नाही, पेटीही नाही, आतलं पुस्तकही नाही. आमचं उद्घाटन यामुळे अर्धा तास अडलं, सगळे दाराबाहेर उभे. म्हणून दार बसवू नका, नुसती कमान ठेवा. मजकूर क्लिक न करता दिसेल असा भिंतीवर लावा. इजा होणं, एकमेकांना मारणं हे सेटिंगमधून बंद करा.

आभासी जगाचा खरा फायदा कुठे, ते एका वस्तूवरून सांगते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे. पुस्तकात तिचं चित्र बोटभर छापलेलं असतं, लेकरांना ते कापड केवढं हे कळत नाही. आम्ही खोलीच्या एका बाजूला लांबलचक कोरी पट्टी केली, पांढरट, कडेला शिवण दाखवलेली. फोटोची परवानगी हातात नव्हती म्हणून त्यावर चित्र लावलं नाही, फक्त सुरुवातीला एक पाटी: हे काय आहे, कोणी लिहिलं, कुठे आहे. लेकरं पट्टीच्या कडेने चालत जातात. चालता चालता त्यांना कळतं, की हे हाताने, ओळीमागून ओळ लिहिलंय. चालून कळेल अशी एक तरी गोष्ट खोलीत ठेवा. बाकी सजावट नसली तरी चालेल.

७. लेकरांची काळजी

१८ वर्षांखालच्या वाचकांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकाची पडताळता येणारी संमती लागते. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं.

अवताराचं नाव खरं नाव नको, शाळेचं नाव नको. "वाचक१२" असं नाव आणि पासवर्ड आपण द्या, नोंद काउंटरच्या वहीत ठेवा. रिकामा पासवर्ड चालणार नाही अशी सेटिंग लावा, नाहीतर एकाच्या नावाने दुसरा आत शिरतो. सर्व्हरचं नाव जाहीर यादीत टाकू नका. आवाजाची सोय असलेल्या जगात आवाज बंद, फक्त लिहून बोलणं.

८. टेबलावर बसल्यावर

माझ्या मते सगळं काम यासाठीच आहे. आठवीतला एक मुलगा टेबलापाशी आला आणि रोमन अक्षरांत लिहिलं, "मॅडम दासोपंत कोण होते". देवनागरी आत तुटते म्हणून लेकरं अशीच लिहितात, त्यावरून त्यांना टोकू नका.

मी लगेच लिहिलं, "वाचलं, सांगते." ही पहिली ओळ दहा सेकंदांच्या आत जायलाच हवी. अवतार नुसता उभा असला की वाचकाला वाटतं समोर कोणी नाही. मग विचारलं, "सरांनी काय लिहून आणायला सांगितलंय?" उत्तर आलं, "आपल्या जिल्ह्यातली जुनी वस्तू, दोन पानं." म्हणजे त्याला दासोपंतांचं चरित्र नको होतं, पासोडी हवी होती. मी चरित्र पाठवलं असतं तर त्याने ते उतरवून काढलं असतं आणि प्रकल्प चुकला असता. संदर्भसेवेत हा दुसरा प्रश्न विचारणं म्हणजेच ग्रंथपालाचं कौशल्य, आणि ते आत-बाहेर सारखंच लागतं.

नंतर "माझ्या मागे ये" लिहून त्याला पट्टीपर्यंत चालत नेलं. एका झटक्यात तिथे पोहोचवायची सोय असते, ती वापरू नका. चालत नेलं की पुढच्या वेळी तो स्वतः जातो. पट्टीपाशी तीन छोट्या ओळी लिहिल्या, प्रत्येकीनंतर थांबले. शेवटी पाटीच्या कोपऱ्यातला दाखलांक दाखवला: "हा नंबर वहीत लिही, सोमवारी काउंटरवर दे." सोमवारी तो चिठ्ठी घेऊन आला.

सावध: उत्तर माहीत नसेल तर आत उभ्या उभ्या अंदाज लिहू नका. "मंगळवारी बघून सांगते" लिहा, प्रश्न वहीत टिपा आणि मंगळवारी सांगा.

९. तालीम, प्रत, नोंद

उघडण्याआधी पाच जणांची तालीम घ्या, त्यात दोघं कधीच असलं जग न पाहिलेले हवेत. त्यांना काही सांगू नका, फक्त बघा: टेबल सापडायला किती वेळ लागतो, कुठे अडतात. दहा मिनिटांत दोघांपैकी एकही टेबलापर्यंत पोहोचला नाही तर खोलीत बदल करा, त्यांना शिकवून वेळ मारून नेऊ नका.

दर शनिवारी बंद करताना सर्व्हर थांबवा आणि जगाचं अख्खं फोल्डर व पाट्यांचा मॉड पेनड्राइव्हवर घ्या. सर्व्हर चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत आहे असं धरू नका.

महिन्याच्या नोंदीत किती जण आले हे लिहा, पण वार्षिक अहवालासाठी त्याखाली आणखी दोन आकडे ठेवा: किती प्रश्नांना उत्तर दिलं, आणि पाटीवरचा दाखलांक घेऊन किती जणांनी खरं पुस्तक नेलं. हा शेवटचा आकडा सलग दोन महिने शून्य असेल तर त्या खोलीचा विषय चुकलाय. पाट्या उतरवा, पेनड्राइव्हवर ठेवा, काउंटरवरची वही पुन्हा उघडा आणि पंधरा दिवस तिसरा रकाना भरा.